पायाभूत पातळी

कार्यालयात तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण पाठीमागेही फार हळू आवाजात नाही. पर्यावरण खात्याच्या जल विभागात ती रसायनतज्ज्ञ होती. नाले, नद्या, विहिरी, बोअर यांच्या पाण्याचे नमुने गोळा करायचे आणि ते नियमात बसतात की नाही ते पाहायचं, हे तिचं काम. काम ऐकायला सोपं, पण ती ते ज्या रीतीने करायची ती पाहून तिच्या गाडीचा ड्रायव्हर सरळ सीट मागे करून आडवा व्हायचा.

बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी ती आधी उपसून टाकायची. साचलेलं पाणी जमिनीखाली काय चाललंय ते सांगत नाही. उपसता उपसता आतलं ताजं पाणी यायला लागलं, मापकावरचा आकडा हलायचा थांबला, की मग बाटली धुवायची, भरायची, वर बुडबुडा राहू द्यायचा नाही, चिठ्ठी चिकटवायची, सही करायची आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायची.

"अहो, पाणीच आहे ते. दागिने नव्हेत," ड्रायव्हर म्हणायचा.

"दागिन्यांची इतकी काळजी मी घेत नाही," ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. तिच्या अंगावर घड्याळाशिवाय काही नसायचं.

तिच्याकडच्या जागांपैकी एक होता मुलाम्याचा कारखाना. नळ, दारांच्या मुठी, गाड्यांचे सुटे भाग यांना तिथे चकाकी चढवत. कारखाना चढावर होता. त्याच्या खाली कामगारांच्या बैठ्या घरांची रांग आणि त्याच्याही खाली नाला. नियमाप्रमाणे एक बोअर कारखान्याच्या वरच्या बाजूला होती, दोन खालच्या बाजूला, आणि नाल्याचे नमुने कारखान्याच्या अलीकडून व पलीकडून घ्यायचे. वरचं पाणी आणि खालचं पाणी यांतला फरक म्हणजे कारखान्याने घातलेली भर.

त्या बोअरच्या झाकणांच्या किल्ल्या ज्याच्याकडे असायच्या तो कारखान्याच्या सांडपाणी विभागात पंप चालवायचा. त्याला सगळे पंपराव म्हणत. उंच, किडकिडीत, सतत बोलणारा माणूस. ती उपसत असताना तो शेजारी उकिडवा बसून गप्पा मारायचा आणि ती बाटली भरायला लागली की मात्र चक्क गप्प व्हायचा. जणू बोलण्याने पाणी ढवळलं असतं. ते तिला आवडलं होतं. आपल्या धाकट्या बहिणीसाठी हे स्थळ बरं आहे, असं तिच्या मनात आलं ते तिथेच, बोअरच्या कडेला. आईवडील दोघेही गेलेले, धाकटीचं सगळं हिनेच पाहिलेलं. तिने शब्द टाकला, दोघांची भेट घडवली आणि जमलं.

लग्नाला अख्खं कार्यालय आलं होतं. जल विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, पहिल्या रांगेत बसले होते. जेवणानंतर त्यांनी भाषणही ठोकलं. "आमच्या विभागाने आजवर पुष्कळ नमुने गोळा केले," पंपरावांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पण इतका चांगला नमुना पहिल्यांदाच हाती लागला." सगळे पोट धरून हसले. पंपराव सगळ्यांत जास्त.

पुढची काही वर्षं बरी गेली. धाकटी त्या घरांच्या रांगेत राहायला आली, तिला मुलगी झाली. कामगारांच्या घरांना पिण्याचं पाणी टँकरने मिळायचं, पण टँकर मनाला येईल तेव्हा यायचा. रांगेच्या मधोमध एक जुनी बोअर होती. टँकर आला नाही की सगळे तिथलं पाणी भरत, आणि हळूहळू टँकर आला तरी भरायला लागले.

मग खालच्या बाजूच्या बोअरमध्ये क्रोमियम दिसायला लागलं. मुलाम्यासाठी वापरतात तेच. सुरुवातीला आकडा इतका लहान होता की साहेब म्हणाले, "यंत्राचा दोष असेल." तिने यंत्र तपासून घेतलं. पुढच्या खेपेला आकडा वाढला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. वरच्या बोअरमध्ये मात्र काहीच नव्हतं. कार्यालयाने कारखान्याला नोटीस पाठवली, कारखान्याने उत्तर दिलं की बाब अभ्यासाधीन आहे. पुन्हा नोटीस गेली, पुन्हा अभ्यास सुरू झाला.

"कुठेतरी पाणी मुरतंय, साहेब," ती म्हणाली.

"तुमच्या तोंडी हे वाक्य शोभतं," साहेब हसून म्हणाले आणि फाइल खालच्या कप्प्यात ठेवली.

एका रविवारी ती धाकटीकडे जेवायला गेली होती. जेवण झाल्यावर भांडी घासायला म्हणून मोरीत उभी राहिली, तर पांढऱ्या बादलीतलं पाणी तिला पिवळसर वाटलं. आधी वाटलं, खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे असेल. तिने बादली उचलून सावलीत ठेवली. पिवळसरच.

"हे पाणी कधीपासून असं आहे?"

"कसं?" धाकटी ओल्या हातांनी आली. तिच्या बोटांच्या पेरांवर कातडी फाटली होती, दोन ठिकाणी लहान गोल जखमा होत्या, कडा उचललेल्या. "अगं, साबणाने होतं मला तसं. मलम लावते."

"साबण बदललास?"

"तीनदा बदलला."

मापक आणि पेटी कार्यालयात होती, म्हणून ती दुसऱ्या दिवशी रीतसर ड्रायव्हर आणि गाडी घेऊन आली. रांगेतल्या बोअरचं पाणी उपसलं, आकडा थांबेपर्यंत थांबली, बाटल्या भरल्या. आजूबाजूच्या बायका जमल्या. धाकटी दारातून पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर बहीण घरी आल्याचं काही दिसत नव्हतं.

पंपरावांची पाळी संपली होती. गाडीपर्यंत सोडायला म्हणून ते तिच्याबरोबर निघाले. त्या दिवशी ते वाटभर बोलले नाहीत. गाडी दिसायला लागल्यावर थांबले.

"ताई, गाळ टाकतो तो खड्डा आहे ना, त्याचं अस्तर फाटलंय."

"कधी?"

"पुष्कळ दिवस झाले. मी तीन वेळा वर सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, बजेटमध्ये घालू. तिसऱ्यांदा विचारलं, तुला पंप चालवायला ठेवलंय की खड्डे बघायला?" ते हसले, पण ते हसू जागेवर बसलं नाही. "माझं नाव येऊ देऊ नका, एवढंच."

"मला तुमचं नाव कशाला हवंय? मला बाटल्या पुरेत."

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. "तुम्ही तुमच्या बाटल्यांचं बघा."

"पंपराव, हे पाणी तुम्ही पिता. तुमची मुलगी पिते."

ते मागे वळून घरांच्या रांगेकडे निघाले.

प्रयोगशाळेतून निकाल आला. रांगेतल्या बोअरमध्ये क्रोमियम इतकं होतं की प्रयोगशाळेतल्या माणसाने फोन करून विचारलं, हा कारखान्याच्या टाकीतला नमुना चुकून बोअरच्या नावाने आला आहे का. या वेळी फाइल खालच्या कप्प्यात राहणं शक्य नव्हतं. तिने अहवाल साहेबांच्या नावे आणि त्यांच्या वरच्या कार्यालयालाही पाठवला. समिती बसली. सुनावणीची तारीख लागली.

सुनावणीच्या आधी धाकटी तिच्या घरी आली. मुलीला शेजारणीकडे ठेवून आली होती, म्हणजे बोलणं लांबणार होतं. हिने चहा टाकला. धाकटी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि बसायला तयार होईना.

"त्यांना कारखान्याच्या ऑफिसात बोलावलं होतं," धाकटी म्हणाली. "एक निवेदन तयार आहे. त्यावर सही करायची. एका पाळीत झडप उघडी राहिली, यांच्या हातून. त्यामुळे थोडं पाणी जमिनीत गेलं. एकदाच. बस."

"खोटं आहे ते."

"मला माहीत नाही का?"

"सही केली की नोकरी जाईल त्यांची."

"नाही जाणार. दुसऱ्या गावात मालकांचा आणखी एक कारखाना आहे, तिथे घेणार आहेत. वरच्या जागेवर. घर देणार आहेत." धाकटी एका दमात बोलून गेली आणि मग थांबली. "सही नाही केली तर मात्र जाईल."

चहा उतू जायला आला. हिने गॅस बंद केला.

"झडप एकदाच उघडी राहिली असती, तर आकडा एकदाच वर गेला असता. माझ्याकडे किती तरी खेपांचे आकडे आहेत. प्रत्येक खेपेला चढलेले. समिती विचारेल मला."

"विचारलं तर सांग, माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"सगळं काय तुलाच माहीत असतं!" धाकटीचा आवाज चढला. "तुझं काय जातंय? तुझी नोकरी पक्की. तू येतेस, बाटल्या भरतेस, निघून जातेस. आम्हाला तिथे राहायचंय. त्या दिवशी तू गेल्यावर किती जणींनी मला विचारलं, तुझ्या बहिणीला आमचा कारखाना बंद पाडायचाय का?"

"तुझे हात बघ. मुलीच्या पोटात रोज तेच जातंय."

"म्हणूनच म्हणते!" धाकटी रडायला लागली. "आम्हाला तिथून निघायला मिळतंय, ताई. तू गप्प बसलीस तर निघतो आम्ही. तुला काय पाहिजे, आम्ही बाहेर पडावं की तुझा आकडा बरोबर यावा?"

याचं उत्तर हिच्याजवळ होतं. रांगेत बाकीचीही घरं होती. पण रडणाऱ्या बहिणीसमोर ते उत्तर निबंधातल्या वाक्यासारखं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला खोटं बोलता येणार नाही."

"गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

"माझ्या कामात तेच आहे."

धाकटी चहा न पिता गेली.

सुनावणीची खोली लांबट होती. टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडलेली, प्रत्येकासमोर झाकण लावलेली पाण्याची बाटली. समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, स्वभावाने शांत, सगळ्यांना बोलू देणारे. कारखान्याच्या बाजूने एक वकीलबाई आल्या होत्या. हिच्या शेजारी साहेब बसले होते आणि सारखे चष्मा पुसत होते.

पंपरावांनी निवेदन वाचलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो खांद्यावर मोठा होत होता. ज्या माणसाला एका वाक्यात दोन विनोद केल्याशिवाय राहवत नसे, तो शाळेतल्या पोरासारखा एका सुरात वाचत होता. "माझ्या निष्काळजीपणामुळे सदर झडप उघडी राहिली." सदर हा शब्द त्यांनी जन्मात कधी उच्चारला नसेल.

मग हिला बोलावलं. तिने सगळं मांडलं. वरच्या बोअरमध्ये काही नाही. खालच्या बोअरमध्ये प्रत्येक खेपेला वाढ. ज्या दिवशी झडप उघडी राहिली असं म्हणतात, त्याच्या कितीतरी आधीपासून. "एका चुकीने असं होत नाही," ती म्हणाली. "हे सतत झिरपतंय. खड्ड्याचं अस्तर तपासा." पंपरावांकडे तिने पाहिलं नाही. अध्यक्ष लिहून घेत होते, मान हलवत होते. तिला वाटलं, जमलं.

वकीलबाई उठल्या. आवाज अगदी मऊ.

"मॅडम, तुमचं काम फार काटेकोर आहे, यात शंकाच नाही. मला फक्त एक विचारायचंय. ज्यांनी आत्ता निवेदन वाचलं, ते तुमचे कोण?"

"माझ्या बहिणीचे पती."

"सख्ख्या बहिणीचे?"

"हो."

"आणि शेवटचा नमुना ज्या बोअरचा आहे, ती कुणाच्या दारात?"

"रांगेच्या मधोमध आहे."

"तुमच्या बहिणीच्या दारापासून?"

"जवळ."

"हे लग्न कुणी जमवलं, मॅडम?"

खोलीत कुणीतरी खुसखुसलं. "मी," ती म्हणाली.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही अशा जागेचे नमुने घेत होता, जिथे तुमचे जवळचे नातेवाईक काम करतात आणि राहतात. नियमाप्रमाणे हे नातं तुम्ही कार्यालयाला कळवायला हवं होतं. कळवलंत?"

"कार्यालयाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं."

वकीलबाई साहेबांकडे वळल्या. "असं आहे का?"

साहेबांनी चष्मा घातला. ती त्यांच्याकडे पाहत होती. ते अध्यक्षांकडे पाहत होते.

"कार्यालयाकडे तशी लेखी माहिती नाही," साहेब म्हणाले.

"तुम्ही लग्नाला आला होता!" तिच्या तोंडून निघून गेलं. "भाषण केलं होतं तुम्ही!"

आता मात्र सगळेच हसले. अध्यक्षसुद्धा हसले आणि मग टेबलावर पेन आपटून त्यांनी सगळ्यांना शांत केलं. साहेबांचे कान लाल झाले होते. "लग्नाला आपण पुष्कळांच्या जातो," ते म्हणाले.

निकाल पंधरवड्याने आला. भाषा सभ्य होती, तिच्या हेतूबद्दल शंका नाही असंही त्यात म्हटलं होतं. पण हितसंबंध जाहीर न केल्यामुळे त्या जागेचे तिने घेतलेले सगळे नमुने, अगदी पहिल्यापासूनचे, विचारात घेता येणार नाहीत. झडपेच्या अपघाताबद्दल कारखान्याला समज आणि दंड. यापुढे नमुने एका त्रयस्थ प्रयोगशाळेने घ्यावेत, खर्च कारखान्याने करावा. आधीचे आकडेच उरले नसल्यामुळे या वर्षी जे आकडे येतील ते पायाभूत पातळी धरावेत आणि पुढची वाढ तिथून मोजावी.

तिने ते दोनदा वाचलं आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, म्हणजे आज जमिनीत जे विष आहे, ते शून्य धरायचं?"

"शून्य नाही. पायाभूत."

"आणि ते उतरलं नाही तरी चालेल?"

"चढायला नको."

"पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे ना? तिच्या कितीतरी पट आहे ते."

"ते पिण्याचं पाणी नाही," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्या घरांना टँकर आहे. कागदोपत्री तिथलं भूजल कुणी पीत नाही. जे कुणी पीत नाही, त्याला पिण्याची मर्यादा कशी लावणार?" मग त्यांनी आवाज उतरवला. "बाई, मला निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत?"

"भाषण केलं होतं म्हणून सांगितलं असतं," ती म्हणाली.

तिची बदली ध्वनी विभागात झाली. आता ती चौकात उभी राहून गाड्यांच्या हॉर्नचा आवाज मोजायची. काम तिने तितक्याच काटेकोरपणे केलं, पण आवाजाची बाटली भरता येत नव्हती, बर्फात ठेवता येत नव्हती. गाडी निघून गेली की संपलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाटलीबाई आता भोंगाबाई झाल्या," आणि मग तिचा चेहरा पाहून त्याने जीभ चावली.

धाकटीच्या घरचं सामान निघालं त्या दिवशी ती गेली होती. कुणी बोलावलं नव्हतं. टेम्पोत कपाट, पलंग, मुलीची तीनचाकी सायकल चढवून झाली होती. धाकटी तिला पाहून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पंपराव दोर आवळत होते. गाठ मारून झाल्यावर जवळ आले.

"रागावला असाल," ते म्हणाले.

"मी भर सभेत तुम्हाला खोटं पाडलं. रागवायचं तर तुम्ही."

"खोटं कुठे पाडलंत? तुमचं बरोबर होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं ते." त्यांनी हात पँटला पुसले. "चुकलं असतं तुमचं, तर त्यांनी नुसता दुसरा आकडा आणला असता. बरोबर होतं, म्हणून तर इतकं सगळं करावं लागलं."

"खड्ड्याचं काय केलं?"

"जुन्या अस्तरावर नवीन अस्तर घातलं. फोटो काढले."

"आणि खालचा गाळ?"

"खालीच आहे."

धाकटी मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. टेम्पोत बसताना तिने बहिणीकडे पाहिलं. "पोचलो की फोन करते," ती म्हणाली. बोलली एवढंच हिला पुष्कळ वाटलं. फोन आला तो बऱ्याच दिवसांनी. तिथलं पाणी चांगलं आहे, धाकटी म्हणाली, नळाला येतं, डाळ पटकन शिजते. हातांच्या जखमा सुकल्यात, डाग राहिलेत नुसते. "ये कधीतरी," असं ती म्हणाली नाही, आणि हिनेही विचारलं नाही.

वर्ष उलटल्यावर त्रयस्थ प्रयोगशाळेचा पहिला वार्षिक अहवाल आला. जल विभागातल्या एकाने तिला जेवणाच्या सुट्टीत दाखवला. शेवटच्या रकान्यात प्रत्येक बोअरसमोर एकच शब्द होता. स्थिर.

त्या रविवारी ती बस पकडून घरांच्या रांगेत गेली. धाकटीच्या घराला नवा रंग दिला होता. दार एका तरुण बाईने उघडलं. हिने सांगितलं की माझी बहीण इथे राहायची. बाईने आत बोलावलं, खुर्ची दिली आणि पाण्याचा पेला आणून समोर धरला.

पेला स्टीलचा होता, रंग दिसत नव्हता. हिने तो हातात घेतला आणि खाली ठेवला.

"हे बोअरचं का?"

"हो. टँकरची वाट कोण बघत बसणार?"

"पिऊ नका हे. अंघोळीलाही शक्यतो वापरू नका. यात क्रोमियम आहे. चवीला कळत नाही, पण रोज पोटात गेलं तर शरीर आतून खराब होत जातं."

बाई गोंधळली. "पण परवाच तपासून गेले की ते लोक. निळे कोट घालून आले होते. मी विचारलं, कसं आहे पाणी? म्हणाले, स्थिर आहे." मग तिने जरा हसून विचारलं, "स्थिर म्हणजे चांगलंच ना?"

"स्थिर म्हणजे जेवढं वाईट होतं तेवढंच."

बाईचं हसू गेलं. "तुमची बहीण हेच पाणी प्यायची?"

"हो."

"काय झालं तिला?"

"हातांना जखमा झाल्या होत्या. इथून गेल्यावर भरल्या. आत काय झालंय ते अजून कळायचंय."

बाईने नकळत आपले दोन्ही हात एकमेकांत घेतले, बोटं झाकून. तेवढ्यात आतून मुलाच्या रडण्याचा आवाज आला. ती उठली, पण गेली नाही.

"हे आत्ताच लागलेत कारखान्यात," ती म्हणाली. "पंपावर. आधी वर्षभर घरी बसून होते. तुम्ही हे आणखी कुणाला सांगू नका. आमच्या घरातून निघालं असं व्हायला नको."

"मी तुमचं नाव घेणार नाही."

"नाव नाही घेतलं तरी कळतंच इथे," बाई म्हणाली. तिने पेला उचलला, मोरीत ओतला, विसळला, त्याच पाण्याने विसळला, आणि पालथा घातला.

ती बाहेर आली आणि शेजारचं दार वाजवलं. तिथल्या म्हातारबुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, नवीन बोअर सरकार पाडून देणार आहे का? नाही म्हटल्यावर ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. तिसऱ्या घरात एकीने तिला ओळखलं. "तुम्ही त्याच ना?" म्हणाली आणि दार लावलं. चौथ्या घराशी पोचेपर्यंत कारखान्याचा रखवालदार येऊन उभा राहिला होता. चांगला माणूस होता, ओळखीचा. पूर्वी तिच्यासाठी फाटक उघडायचा.

"बाई, तुम्हाला आता इथली परवानगी नाही," तो म्हणाला. "मला उगाच बोलायला लावू नका." आणि बसथांब्यापर्यंत तिच्याबरोबर चालत आला, बस येईपर्यंत थांबला.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेली, पाचव्या घरापासून सुरुवात केली. रखवालदाराने तिला पुन्हा बसपर्यंत सोडलं. असं ती बरेच महिने जात राहिली. साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी तिला एकदा बोलावून समजावलं, एकदा लेखी विचारणा केली. घरांच्या रांगेतल्या दोन कुटुंबांनी बोअरचं पाणी पिणं सोडलं. दूरच्या नळावरून ते सायकलला कॅन बांधून पाणी आणायला लागले, आणि बाकीचे त्यांना हसायचे. उरलेल्या घरांनी ती दिसली की दारं लावून घ्यायला सुरुवात केली.